सहीच्या वरची जागा

५ जुलै, शनिवार. सकाळी ११.१०

मिळाली! पाचगणीची 'पठार मानव्यविद्या फेलोशिप'. नऊ महिने तिथंच राहायचं. स्वतंत्र खोली, टेबल, खिडकी, लायब्ररी, दोन वेळचं जेवण. 'झालं का रं लिहून?' विचारायला कुणी नाही. पीएच.डी. करणाऱ्या फक्त चार जणांना.

मिळाली म्हणजे जाहिरात मिळाली. पण दोनदा वाचली आणि कळलं, ही माझ्याकडं बघूनच लिहिलीय. 'धाडसी विचार करणारे तरुण संशोधक' असं स्पष्ट छापलंय. साताऱ्यात आणखी कोण करतंय धाडसी विचार?

माझा विषय: 'एसटी स्टँड आणि प्रतीक्षा: दक्षिण महाराष्ट्रातील थांबण्याचे सौंदर्यशास्त्र'. विषय सांगितला की लोक गप्प होतात. रजिस्ट्रेशनला चार वर्षं झाली. प्रकरणं लिहायची राहिलीत. सगळीच. पण डोक्यात तयार आहेत, फक्त उतरवायची. घरात उतरत नाहीत एवढाच प्रॉब्लेम.

शेवटची तारीख १४ ऑगस्ट, संध्याकाळी पाच. बरोबर चाळीस दिवस. संकल्प: रोज पाचशे शब्द. वीस हजार होतात. म्हणजे अर्ज करता करता प्रबंधच संपतो. मग पाचगणीत नऊ महिने करायचं काय? कादंबरी. प्रयोगशील. क्रियापद न वापरता.

५ जुलै. दुपारी ४.३०

वरची नोंद मोजली. पाचशे नाहीत. पण दर्जा बघता धरायला हरकत नाही.

७ जुलै, सोमवार

आबांना सांगितलं. आबा म्हणजे वडील. सुभेदार म्हणून रिटायर झाले पण घर अजून पलटणीसारखंच चालवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खायाला-प्यायला घालून नऊ महिनं नुस्तं बसवून ठेवत्यात? कशापायी रं?" म्हटलं, विचार करायला. म्हणाले, "ते तर तू हितं बी करतोयस. चार वर्सं झाली."

मग मुद्द्यावर आले. भाऊसो म्हणून त्यांचा पलटणीतला दोस्त आहे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याची सिक्युरिटी त्याच्याकडं आहे. मेन गेटवर रजिस्टर लिहायला त्याला शिकलेला माणूस पाहिजे. मी म्हटलं, आबा, मी लेखक आहे. ते म्हणाले, "म्हनूनच. तुला लिवायचंच हाय न्हवं? तितं दिवसभर लिवायचंच काम हाय."

शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत मुदत. फेलोशिप मिळाली तर आबा स्वतः पाचगणीला सोडायला येणार. नाही मिळाली तर दसऱ्याला गेटवर हजर, आणि 'मूड नाही' हा शब्द घरात परत काढायचा नाही. आईसमोर हातात हात दिला. हसतच दिला. दसऱ्याला मी पाचगणीच्या टेबललँडवर फिरत असणार.

१२ जुलै, शनिवार. संध्याकाळी

शब्द: शून्य. पण दिवस वाया नाही गेला. पाचगणीसाठी शाईचं पेन घेतलं. बॉलपेननं विचार घसरतो.

संस्थेला मेल केला, खोलीची खिडकी पूर्वेला आहे का? आणि टेबल भिंतीला लावलंय की मोकळं? उत्तर आलं: 'अर्ज प्राप्त झाल्यावर कळवू.' एका ओळीत. सिरीयस माणसं दिसतात.

१७ जुलै, गुरुवार

सरांना भेटण्याचा दिवस. धैर्यशील सर, माझे गाईड. मागच्या वर्षापासून कॉलेजला ग्रेड मिळवून देणाऱ्या नॅक कमिटीवर आहेत, त्यामुळं त्यांना वर बघायला वेळ नसतो. फायलीत मुंडकं घालूनच म्हणाले, "पाचगणीचं ना? भरा भरा. अर्फालापण सांगितलंय."

अर्फा म्हणजे अर्फा नदाफ. सरांची दुसरी विद्यार्थिनी, कवठे महांकाळची. दर दुसऱ्या गुरुवारी पहाटेची एसटी पकडते, सांगलीत बदलते आणि दुपारी इथं पोचते. विषय: गादी-रजई भरणाऱ्या घरांतल्या बायकांच्या आठवणी. तिची आजी अख्तरबी कापूस पिंजायची, तिथनंच सुरुवात केलीय. चांगलंय, घरगुती आहे. पण पाचगणी म्हणजे थिअरी. तिला बिचारीला कुणीतरी हे आधी सांगायला पाहिजे होतं. मी नाही सांगितलं. उगाच कशाला हिरमोड.

कँटीनमध्ये म्हणाली, "वीरधवल, सांगली स्टँडवर माझे महिन्याला आठ-दहा तास जातात. कोण कुठं बसतं, गाडी लागली की कसं पळतं, सगळं वहीत लिहिलंय. तुला पाहिजे तर घे वही." मी समजावून सांगितलं की तो रॉ डेटा झाला. आधी फ्रेमवर्क, मग निरीक्षण. ती म्हणाली, "बरं." आणि भजी संपवली. माझीपण.

२१ जुलै, सोमवार

आज फिल्डवर्कचा दिवस ठरवला होता. सातारा स्टँडवर दहा ते चार बसायचं. बाईकवरनं गेलो. बाईक लावायला जागा मिळेना. पाऊण तास फिरलो आणि परत आलो.

चिंतन: जागेची प्रतीक्षा हीदेखील प्रतीक्षाच. फूटनोट होईल.

२८ जुलै, सोमवार

शब्द: ४१. सगळे आभारप्रदर्शनातले. त्यात आबांचं नाव घातलं नाही. बघू, कसं वागतात त्यावर.

३१ जुलै, गुरुवार. दुपारी ३

शिफारसपत्राचं विचारायला सरांकडं गेलो. आमच्याकडं पद्धत अशी की गाईड पत्र लिहीत नाही, विद्यार्थ्यानं लिहून न्यायचं आणि गाईडनं सही करायची. सर एक पाऊल पुढं. त्यांनी ड्रॉवरमधून दोन कोरी लेटरहेडं काढली, दोन्हींवर तळाला सही ठोकली, शिक्का मारला आणि दिली. "एक तुझं, एक अर्फाचं. नॅकची टीम यायलीय, मला आता मरायलाबी वेळ नाही. मजकूर वर बसवा आणि माझ्या मेलवरनंच पाठवून द्या." पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. पासवर्ड त्यांच्या कुत्र्याचं नाव आहे.

म्हटलं, अर्फाचं अर्फा लिहील की. अर्फा शेजारीच उभी होती, ती लगेच नाही म्हणाली. "स्वतःचं कौतुक स्वतः कसं लिहायचं? मला नाही जमणार." सर म्हणाले, "तूच लिही रे वीरधवल, तुझी भाषा बरी आहे."

म्हणजे बघा. ज्याला स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येत नाहीत तो माणूस फेलोशिपला उभा राहतोय. मला दया आली. हो म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार

माझं पत्र लिहायला बसलो. काय फ्लो आला! सकाळी नऊ ते दुपारी दोन, जागचा उठलो नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. सरांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकताना मला स्वतःच्याच नवीन बाजू कळल्या. काही वाक्यं उतरवून ठेवतो:

'श्री. वीरधवल यांच्या मूलगामी चिंतनाचा झपाटा पाहून मी अनेकदा स्तिमित झालो आहे.'

'त्यांच्या विचारांची बहुस्तरीयता सामान्य वाचकास तात्काळ उमगेलच असे नाही.'

'अशी प्रतिभा पिढीतून एकदाच दिसते.' (आधी 'शतकातून' होतं. सर तसे जपून बोलणारे आहेत म्हणून 'पिढीतून' केलं.)

एकूण बाराशे शब्द. रोजचे पाचशे धरले तर दोन दिवसांचा कोटा जास्तीच भरला.

६ ऑगस्ट, बुधवार

स्टँडमागच्या नईमभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला. अडचण. सही लेटरहेडच्या तळाला आधीच झालीय. म्हणजे पत्र सहीच्या वर संपायला पाहिजे. नईमभाई स्क्रीनकडं बघून म्हणाले, "साहेब, मजकूर सहीवरनं घसरून खाली फरशीवर चाललाय. थोडा कापा." म्हटलं, कापण्यासारखं काहीच नाही. तर म्हणाले, "मग माणूस लहान करू."

फाँट बारा, अकरा, दहा. शेवटी आठवर बसला. दोन्हीकडचे मार्जिन काढले. परिच्छेद जोडले. शेवटची ओळ सरांच्या सहीच्या शेपटीला घासून जाते, पण ते दिसायला कॅलिग्राफीसारखं दिसतं. कागद एकच होता, त्यामुळं नईमभाईंनी 'बिस्मिल्ला' म्हणून प्रिंट दिली. निघाल्यावर नाकाजवळ धरून बघितली. म्हणाले, "लय काय काय लिवलंय. दिसत काय न्हाई, पण लिवलंय."

१० ऑगस्ट, रविवार

अर्फाचं पत्र. टाळत होतो. चार दिवस राहिले आणि मला अजून प्रकरण द्यायचंय. 'एक पूर्ण प्रकरण जोडावे' अशी अट आहे, पूर्ण या शब्दावर फार जोर दिलाय, जुनाट वृत्ती. म्हणून अर्फाचं वीस मिनिटांत उरकलं. शैली नाही, काही नाही. जे आहे ते टाकलं. माझ्या दर्जाचं नाही म्हणून कॉपी ठेवणार नव्हतो, पण तुलना करता यावी म्हणून इथं उतरवतो:

'अर्फा नदाफ चार वर्षे माझ्याकडे संशोधन करते. ती सांगितलेल्या दिवशी येते. त्यासाठी ती पहाटे कवठे महांकाळहून निघते. तिने एकसष्ट बायकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. प्रत्येकीकडे ती किमान दोनदा गेली आहे, कारण पहिल्यांदा बायका पाहुणीशी बोलतात आणि दुसऱ्यांदा अर्फाशी. एका बाईने नंतर "माझं नको छापू" असे म्हटल्यावर तिने ती मुलाखत काढून टाकली. त्यामुळे तिसरे प्रकरण कमकुवत झाले, हे तिला माहीत आहे. तिच्या प्रबंधात मोठे शब्द फारसे नाहीत. न समजलेली गोष्ट ती "समजली नाही" असे लिहिते. तिचे काम बरेचसे झाले आहे. ते पूर्ण करायला तिला शांत खोली हवी आहे, कारण घरी ती शिलाई मशीनच्या टेबलावर लिहिते आणि मशीन चालू असले की थांबते.'

बस. कौतुकाचं एकही विशेषण नाही. वाचून वाईट वाटलं. पण खोटं कसं लिहिणार? आता तिच्यात नाहीच थिअरी.

११ ऑगस्ट, सोमवार

नईमभाईकडं प्रिंट. अर्फाचं पत्र चौदा पॉइंटमध्येसुद्धा अर्ध्या पानात संपलं. खाली मोठी मोकळी जागा, मग सही. कसंतरीच दिसत होतं. नईमभाई मशीनमधनं कागद येता येता वाचत होते. वाचून झालं तरी धरून उभे. म्हणाले, "ही पोरगी कोन वो? मशीन थांबायची वाट बघती व्हय?" मग म्हणाले, "हिला द्या म्हनावं ती खोली."

मी म्हटलं, माझं पत्रपण तुम्हीच प्रिंट केलं होतं. म्हणाले, "व्हय की. पर वाचाय कुटं येतंय ते."

सामान्य वाचक. पत्रात लिहिलंच होतं मी.

१४ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १२.४०

प्रकरण अजून नाही. पाच वाजता साइट बंद. शांत आहे. मोठं काम प्रेशरमध्येच होतं.

१४ ऑगस्ट. दुपारी २.१५

अर्फा कॉलेजच्या लायब्ररीत आलीय. तिचं सगळं परवाच भरून झालंय. म्हणाली, "मदत करू काय? तू सांग, मी टाइप करते." म्हटलं, विचार टाइप होत नाही. बाहेर बसलीय, वेणीला गाठी मारत.

१४ ऑगस्ट. दुपारी ४.५२

पाठवलं! शेवटच्या क्षणी अशी आयडिया सुचली की मीच हादरलो. प्रकरणाची अकरा पानं. पहिली तीन: प्रस्तावनेची प्रस्तावना. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत कोरी. मुद्दाम. विषय प्रतीक्षा आहे ना? वाचकानं प्रतीक्षा अनुभवावी. अकराव्या पानावर एकच शब्द: 'थांबा.'

अर्फाला दाखवलं. तिनं सात कोरी पानं एकेक करून खाली सरकवली. म्हणाली, "अपलोड झालं ना? मग झालं." तिच्या आवाजात जरा भीती वाटली. कलाकृती पहिल्यांदा बघताना होतं तसं.

दोन्ही पत्रं सरांच्या मेलवरनं गेली.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. मंडळाचा स्पीकर खिडकीसमोर. लिहिणं अशक्य. (गणपतीच्या आधी काय अडचण होती ते इथं लिहायचं कारण नाही.)

आबांनी विचारलं, "आलं का काय?" म्हटलं, निवड समिती चर्चा करत असेल. "कशाची?" म्हटलं, माझ्या कोऱ्या पानांची. आबांनी गणपतीला हात जोडले.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९.०५

शॉर्टलिस्ट!!! राज्यातनं बारा जण. त्यात मी! मुलाखत १८ तारखेला, पाचगणीत. अर्फापण आहे. चला, तिला अनुभव मिळेल.

आईनं साखर हातावर ठेवली. संध्याकाळी आबांनी त्यांची जुनी काळी ट्रंक अंगणात काढली, आतनं पुसली आणि झाकणावरचं स्वतःचं नाव घासायला लागले. म्हणाले, "तुजं नाव टाकाय पायजे. हॉस्टेलला ट्रंका बदलत्यात." गेली पंचवीस वर्षं त्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही असा कायदा होता.

ठरवलं. आभारप्रदर्शनात आबांचं नाव घालायचं. पहिल्या परिच्छेदात.

१८ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ६, घरी

मुलाखत. जसं झालं तसं लिहितो.

आज एसटीनं जायचं ठरवलं होतं, जाता जाता फिल्डवर्क. पण उठायला उशीर झाला, बाईक काढली. पसरणी घाटात धुकं आणि पाऊस. वीस मिनिटं उशिरा, बुटात पाणी. अर्फा एसटीनं येऊन दोन तास आधीच पायरीवर बसली होती. माझा नंबर तिनं शिपायाला सांगून मागं ढकलून घेतला होता. तिनं बॅगेतनं कोरडा टॉवेल काढून दिला. एवढ्याशा बॅगेत टॉवेल का, विचारलं. म्हणाली, "पाचगणी आहे की."

आत तीन जण. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई. पत्राचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब केला, मग म्हणाल्या, "हे आम्ही भिंगानं वाचलं. तुमच्या सरांना तुमच्याबद्दल खूपच बोलायचं होतं." मी नम्रपणे मान खाली घातली.

मग म्हणाल्या, "चार ते दहा पानं आमच्याकडं आली नाहीत. अपलोडमध्ये काही गडबड?" मी संकल्पना सांगितली. जोशात सांगितली. दुसरे एक वयस्कर गृहस्थ, बोलण्यावरनं जतकडचे वाटले, शांतपणे म्हणाले, "आम्ही थांबलो बरं का. सातही पानं थांबलो. पण गाडी काय आली न्हाई."

बाईंनी विचारलं, "स्टँडवर प्रत्यक्ष किती तास बसलात?" म्हटलं, संकल्पनेच्या पातळीवर सतत बसलेलोच असतो. "आणि शेवटची एसटी कधी पकडली?" खरं सांगणं भाग होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. "मग आज कसे आलात?"

माझ्या पॅंटमधनं त्यांच्या गालिच्यावर पाणी ठिबकत होतं. म्हटलं, बाईकवर.

तिघांनीपण काहीतरी लिहून घेतलं. चांगली खूण आहे. मुद्दा नसता तर कशाला लिहिलं असतं?

अर्फा आत गेली ती पन्नास मिनिटं. फार प्रश्न विचारले असणार बिचारीला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तयारी. ट्रंकेत स्वेटर, कानटोपी, पेन, शाई, किटली. आईनं भडंगाचा डबा भरला. आबांनी झाकणावर पांढऱ्या रंगानं माझं नाव रंगवलं. अक्षर आर्मीचं, सरळ. म्हणाले, "नावाखाली हुद्दा काय टाकू?" म्हटलं, 'फेलो'. त्यांना ते जरा पोकळ वाटलं. जागा सोडून ठेवली.

भाऊसोकाकांचा फोन आला होता. आबा म्हणाले, "थांब की गड्या, पोराचा निकाल लागू दे." आवाज असा होता, की जणू निकाल लागलाच आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२.२०

निकाल लागला.

३० सप्टेंबर. दुपारी १.४५

चार नावं. दुसरं नाव अर्फा यासीन नदाफ. माझं नाही. खाली स्क्रोल केलं, वर केलं, पेज रिफ्रेश केलं. दुसऱ्या फोनवर बघितलं.

प्रत्येक नावाखाली समितीनं दोन ओळी लिहिल्यात. अर्फाच्या नावाखाली: '"पहिल्यांदा बायका पाहुणीशी बोलतात आणि दुसऱ्यांदा अर्फाशी." मार्गदर्शकांच्या पत्रातील या एका वाक्यात या संशोधनाची पद्धत आणि नीती दोन्ही आली. इतके प्रामाणिक शिफारसपत्र समितीने अलीकडे वाचले नव्हते.'

माझं वाक्य. संस्थेच्या वेबसाइटवर. अवतरणचिन्हात. दुसऱ्याच्या नावानं, तिसऱ्याच्या नावाखाली.

३० सप्टेंबर. दुपारी ३

तसं बघितलं तर निवड माझीच झालीय. टेक्निकली.

३० सप्टेंबर. दुपारी ३.१०

नाही झाली.

३० सप्टेंबर. संध्याकाळी ५

सरांचा फोन. बाईंनी त्यांना खास फोन करून पत्राबद्दल अभिनंदन केलं म्हणे. सर खूष. म्हणाले, "काय लिहिलंयस रे! मला वाचून दाखवलं त्यांनी. मला तर त्या बाईची मुलाखत काढून टाकल्याचं माहीतच नव्हतं. तुझं जरा गर्दीचं झालं म्हणाल्या. असू दे. पुढच्या वर्षी परत दोन कागद सही करून ठेवतो."

आबांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती: समितीचं राजकारण, पाऊस, थिअरीबद्दलचा आकस. ते म्हणाले, "कोन लागलं मग?" म्हटलं, अर्फा, माझ्याबरोबरची. "कशी हाय पोरगी?" म्हटलं, चांगली आहे. सांगितलेल्या दिवशी येते. आबा म्हणाले, "मग बरोबर हाय."

ट्रंक परत माळ्यावर नाही ठेवली. तशीच आहे, दाराजवळ. नावासकट.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गेटवर हजर. सकाळी आठ. भाऊसोकाकांनी रजिस्टरला हळद-कुंकू लावून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हेच तुझं शस्त्र." आपट्याची पानं दिली. रकाने: तारीख, वेळ, गाडी नंबर, नाव, कुठून आला, कामाचं कारण, सही.

मी भाऊसोकाकांना म्हटलं, हे टेम्पररी आहे. ते म्हणाले, "आमी बी सतरा वर्सं टेम्पररीच हाय."

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज एकशे अठरा ओळी लिहिल्या. हे प्रबंधात धरता येणार नाही. बघितलं धरून.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अर्फा आज पाचगणीला जॉइन व्हायला निघाली. सांगलीवरनं येऊन साताऱ्यात गाडी बदलणार होती. फोन केला होता, "येतोस काय स्टँडवर?" ड्यूटी दोनची होती. गेलो. बाईक गेटवर ठेवून चालत गेलो.

पाचगणीची गाडी चाळीस मिनिटं लेट. बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारा पिशवीवर पाय ठेवून झोपलेला. गाडी लागल्याचं पुकारलं की बरोबर डोळे उघडायचा, आपली नाही म्हटल्यावर मिटायचा. अर्फा म्हणाली, "हा बघ, सांगलीलापण असाच एकजण असतो." तिनं वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. "घे. आता मला नऊ महिने गाडी बदलायची नाही." या वेळी घेतली. फ्रेमवर्कचं काही बोललो नाही.

मग म्हणाली, तू लिहिलेलं पत्र सरांनी मला पाठवलं. मी म्हटलं, घाईत लिहिलं. वीस मिनिटांत. ती म्हणाली, "आईला वाचून दाखवलं मी. मशीनचं आलं तिथं आईनं मशीन थांबवली. तुला ते माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं रे." मी म्हटलं, तूच कधीतरी बोलली असशील कँटीनमध्ये. म्हणाली, "बोलले असेन. पण तू ऐकतोस असं कधी वाटलं नाही."

मग तिनं विचारलं, "आणि तुझ्या पत्रात काय लिहिलंस?"

फोनमध्ये होतं. दिलं. दोन बोटांनी मोठं करत करत, ओळ ओळ सरकवत वाचलं तिनं. 'मूलगामी चिंतनाचा झपाटा' वाचलं. 'पिढीतून एकदाच' वाचलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. फोन परत देताना म्हणाली, "भारी आहे. पण हा कोण आहे, वीरधवल?"

उत्तर देणार होतो. तेवढ्यात गाडी लागली. म्हातारा सगळ्यांच्या आधी उठून पळाला. अर्फानं खिडकीतनं हात केला, टॉवेल दाखवला. गाडी गेली.

दुपारी १.५८ ला गेटवर पोचलो. इथला नियम, स्टाफनंसुद्धा आत जाताना रजिस्टर भरायचं. तेरा दिवस मी दुसऱ्यांची नावं लिहितोय, स्वतःची ओळ भाऊसोकाका भरायचे. आज ते जेवायला गेलेले. तारीख लिहिली. वेळ लिहिली. नाव लिहिलं. कुठून आला: स्टँडवरून. कामाचं कारण: या रकान्यात पेन थांबलं. पाचगणीसाठी घेतलेलं तेच पेन. मागं ट्रक उभा. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला, मग खाली उतरून माझ्या खांद्यावरनं रजिस्टरात वाकून बघितलं.

म्हणाला, "सायेब, परीक्षा हाय का? लिवा की काय तरी."

लिहिलं: काम.